आडवे शब्द

पप्पांना न विचारता मैत्रीने मोटरसायकल घेतली आणि कंपनीची बस सोडून थेरगावहून चाकणला तिच्यावरून जाऊ लागली. तेव्हापासून बापलेकीचा अबोला होता. पेपरातलं चकवणाऱ्या सूचनांचं शब्दकोडं मात्र दोघं अजूनही वाटून सोडवत होती. आडवे शब्द सकाळी पप्पा भरायचे, उभे शब्द मैत्री निघण्यापूर्वी.

सोमवारी पप्पांचा एक शब्द चुकला. असं आजवर कधी झालं नव्हतं. मैत्रीने तो मुकाट्याने दुरुस्त केला. मंगळवारी दोन चुकले. बुधवारी पाच चुकलेले पाहून ती पेपर घेऊन पप्पांकडे गेली.

"पप्पा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"



"बोललीस एकदाची! सोमवारीच बोलली असतीस, तर आज पाच चुकवावे लागले नसते."