डिझेलमधली हवा

“बुडबुडे संपले की सांगा, दाजी,” असं म्हणून मेकॅनिकने चाकाच्या बाजूने हात आत घातला आणि पंप दाबायला सुरुवात केली.

पिकअपचा डिझेल फिल्टर नुकताच बदलून झाला होता. फिल्टर बदलणं सोपं. त्या गडबडीत आत शिरलेली हवा काढणं हे खरं काम, आणि ते दोन माणसांचं. एकाने पंप दाबायचा, दुसऱ्याने ढिल्या केलेल्या स्क्रूवर नजर ठेवायची. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. तेव्हा स्क्रू आवळायचा. हवा राहून गेली तर गाडी भर चौकात बंद पडते, आणि या गाडीच्या मागे काचा असायच्या.

दाजी काचा पोचवायचे. दुकानांच्या, खिडक्यांच्या, माणसाहून उंच. एकवीस वर्षांत त्यांच्या गाडीत एकही काच तडकली नव्हती. स्वतःचं नाव सांगायच्या आधी ते हे सांगत.

गॅरेजच्या टोकाला नळावर ताई हात धूत होती. ताई म्हणजे मेकॅनिकची थोरली बहीण, दाजींची बायको. दोन वर्षांपूर्वी तिने चांगलं चाललेलं शिवणकाम बंद केलं आणि पिकअपमध्ये नवऱ्याशेजारी जाऊन बसली ती बसलीच. घरी करमत नाही, म्हणाली. नातेवाइकांना हे कारण फारच साधं वाटलं. ती दाजींवर पाळत ठेवते, असं त्यांनी ठरवलं. दाजी पंचावन्नचे, पोट सुटलेलं, बोलणं फक्त काचांबद्दल. पण नातेवाइकांनी एकदा मनावर घेतलं की माणूस देखणा व्हायला वेळ लागत नाही.

बरं, नुसतं बसावं ना. तोंडाला क्षणाची उसंत नाही. “अहो, स्कूटर आडवी लावलीय बघा मेल्याने, रस्ता काय बापाचा आहे?” “झाला सिग्नल लाल, आता बसा!” “डावीकडे केवढा खड्डा खणून ठेवलाय, कुणाला लाज म्हणून नाही.” मेकॅनिक एकदा त्यांच्याबरोबर दहा किलोमीटर गेला होता. उतरल्यावर त्याचे कान तापले होते आणि दाजींना पदक द्यायला हवं असं त्याचं मत झालं होतं. आजही गाडी आत घेताना तिने गॅरेजलाही सोडलं नव्हतं. “उजव्या हाताला टायर किती पसरलेत रे तुझे, आवरत का नाहीस?”

“आलं स्वच्छ,” दाजी म्हणाले. “आवळ.”

मेकॅनिक पाना घेऊन पुढे आला आणि थांबला.

फेस येत होता. पांढरा, साबणासारखा, स्क्रूभोवती फुगून इंजिनावर ओघळत होता. दाजींचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

“काय आलं म्हणालात?”

“स्वच्छ. अगदी पाण्यासारखं.”

मेकॅनिकने जुना फिल्टर उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. दाजींची पापणीही हलली नाही. मग त्याने तो हळूच कानाच्या दिशेने सरकवला. दाजी दचकून मागे झाले.

फेस इंजिनावर टपटपत होता.

“कडेचं दिसतं रे मला,” दाजी शेवटी हळूच म्हणाले. “मधलं गेलंय.”

“मधलं म्हणजे?”

“म्हणजे समोरचं.”

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. “कधीपासून?”

“होतील दोन वर्षं. डॉक्टर म्हणाले, परत यायचं नाही. तुझ्या ताईला बोलू नकोस हं. गाडी सुटली तर मी घरी बसून काय करू, बटणं लावू?” मग ते जरा हसले. “आणि अडत काहीच नाही. रस्ते पाठ आहेत, बाकीचं ती बडबडतेच. तिला बिचारीला कल्पनाच नाही, तिच्या बडबडीचा मला किती उपयोग होतो ते.”

दोन वर्षं. रोज साठ-सत्तर किलोमीटर. बाजारातून, दवाखान्यावरून, शाळा सुटायच्या वेळी शाळेवरून. मेकॅनिकच्या दोन्ही मुली त्याच रस्त्याने सायकलने घरी येत. दाजींची पिकअप दिसली की मुद्दाम आडव्या जाऊन हात करत.

त्याने गाडीची चावी काढून खिशात घातली. नळापर्यंतची वीस पावलं त्याला फार लांब वाटली.

“झालं का?” ताईने हात झटकले. “दोनच्या आत माल पोचवायचाय. चावी आण.”

“ताई,” त्याचा आवाज चिरकला, “अगं, दाजींना दिसत नाही!”

ताईने आधी पिकअपकडे पाहिलं. दाजी बॉनेटला टेकून उभे होते, लांब. मग तिने ओला हात भावाच्या तोंडावर दाबला.

“हळू बोल,” ती म्हणाली. “त्यांना वाटतं, मला माहीत नाही.”