तीन नंबरचं गोदाम

"सर, पट्टी कुठल्या हाताला आहे ते बघा," असं म्हणून अपेक्षाने सिनेमा थांबवला.

सिद्धराम मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. पडद्यावर काशीनाथ कोठडीत बसला होता आणि त्याच्या उजव्या तळहाताला पट्टी होती. हा प्रसंग मध्यंतराआधीचा. गिरणीचं गोदाम फुटतं ते मध्यंतरानंतर. तिथे तोंडाला टॉवेल गुंडाळलेल्या एका चोराचा उजवा तळहात काचेने कापतो. पट्टी आधी आणि जखम नंतर, हे कसं, एवढंच अपेक्षाला विचारायचं होतं.

मास्तर म्हणाले, ती जखम सगळ्याच कामगारांची आहे. लागते एकाला, पट्टी दुसऱ्याच्या हाताला. अपेक्षाने मान हलवली, पण वहीत काही लिहून घेतलं नाही. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला मुलांची अशी मान बरोबर कळते.

'तीन नंबरचं गोदाम' हा गुन्हेगारीपट बाकी ठिकाणी आठवडाभरही टिकला नव्हता. एकट्या सोलापुरात तो सात आठवडे चालला. थिएटर बंद पडताना मालकाने प्रिंटवरून कॅसेट करून घेतली, तिची पुढे सीडी झाली. दुसरी प्रत कुणाकडे नव्हती. जाणकारांनी या सिनेमाला कधी हात लावला नाही. मास्तर मात्र निवृत्त झाल्यापासून वाचनालयात दर रविवारी मुलांना त्याचाच अर्थ उलगडून सांगत होते.

सिनेमात काशीनाथ या कामगाराला आधी पकडतात, शिक्षा देतात, आणि मग गोदाम लुटलं जातं. मालाने भरलेला ट्रक फाटकातून निघतो, तेव्हा पहारेकरी त्याला सलाम ठोकतो. मास्तर मुलांना विचारायचे, पहारेकरी सलाम कुणाला करतो? मुलं एका सुरात सांगायची, मालकाला. म्हणजे लुटणारा कोण? गरिबाचा गुन्हा आधी ठरतो आणि चोरी सवडीने होते. गिरण्या अशाच बुडाल्या आणि राज्य पाहत राहिलं, असं मास्तर शांतपणे समजावायचे.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत याच विषयावर बोलणार होती. पहिली आली तर पुण्याच्या शिबिरात महिनाभर सिनेमा शिकायला मिळणार होता. यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाच्या पोरीला अशी संधी पुन्हा दारात यायची नव्हती.

मास्तरांनी लॅपटॉप मिटला. शंका घेऊन व्यासपीठावर चढू नये, असं ते नेहमी सांगत. त्या थिएटरात मशीन चालवणारे धोंडप्पा शहराबाहेर कुंभारीला राहतात, हे त्यांना ठाऊक होतं. दोघं रिक्षाने तिकडे गेली.

धोंडप्पा अंगणात शेंगा फोडत बसले होते. त्यांनी दोघांना जागा करून दिली, शेंगांनी भरलेलं सूप पुढे सारलं आणि मास्तरांना चिमटा काढला. "आमी सिनेमाला गेलो म्हून आमच्या गुरुजीनं छड्या दिल्या. आन् तुमी पोरास्नी सिनेमाच शिकवताय की!"

मास्तर हसले. अपेक्षाने पट्टीचं विचारलं.

म्हाताऱ्याचे हात थांबले. "तुझी नजर लई बारीक हाय, पोरी," ते म्हणाले. "इतक्या वर्सांत ह्ये कुनी विचारलं न्हाय."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. पहिलं रीळ तेवढं जागेवर होतं. बाकीची पुढची मागे आणि मागची पुढे लागली होती. मूळ सिनेमात गोदाम आधी फुटतं, तिथेच काशीनाथचा हात कापतो आणि त्या जखमेवरूनच तो सापडतो. चोर तोच. ट्रक रोजचाच म्हणून पहारेकरी फसतो. सरळसोट चोर-पोलिसांची गोष्ट होती ती.

दुसरी प्रत नव्हती. आपण गप्प राहिलो तर उद्या परीक्षकांना काही कळायचं नाही, पोर जिंकून पुण्याला जाईल, हे मास्तरांच्या मनात येऊन गेलं. अपेक्षा त्यांच्याच तोंडाकडे बघत होती.

"मी शिकवलं ते चुकीचं होतं," ते तिला म्हणाले. "उद्या हे बोलू नकोस."

"मग काय बोलू, सर?"

अपेक्षाने वही मिटून मांडीवर ठेवली. धोंडप्पांना अपराधी वाटू नये म्हणून मास्तरच त्यांची समजूत घालू लागले. त्या काळी दोन थिएटरांत मिळून एकच प्रिंट असायची, रिळं सायकलवरून इकडून तिकडे जायची, घाईत डबे उलटसुलट व्हायचेच. चूक कुणाच्याही हातून होते.

"चूक न्हाय, मास्तर," धोंडप्पा म्हणाले. "पयल्या दिवशी बराबर लावली हुती."

सिनेमा आला त्याच महिन्यात सोलापुरातल्या गिरणीला टाळं लागलं होतं. कामगारांनीच चोऱ्या करून गिरणी खाल्ली, असं मालकाची माणसं गावभर सांगत फिरत होती. पहिल्या दिवशी सगळं थिएटर गिरणीच्या माणसांनी भरलं होतं. खेळ सुटला तसे सगळे खाली मान घालून बाहेर पडले.

"त्यात माजा थोरला भाऊ हुता," धोंडप्पांनी मांडीवरची टरफलं झटकली. "म्हून दुसऱ्या दिवसापासनं काशीनाथला मीच चोरीच्या आदी कोठडीत बसवला. कोठडीतल्या मानसावर चोरीचा आळ कोन घेनार?"