तळघरातला विक्रम

खोक्यात अकरा कॅसेट होत्या. सात कोऱ्या, तीन बुरशीने खाल्लेल्या आणि एक चालणारी. चालणाऱ्या कॅसेटवर 'तळघर' हा खेळ होता, घरच्या संगणकावर खेळण्यासाठी काढलेला.

मूळ 'तळघर' म्हणजे नाणं टाकून उभ्याने खेळायचं कपाटाएवढं यंत्र. अशी चाळीस यंत्रं बनली होती. चाळीसच्या चाळीस भंगारात गेली. मागे उरली ती ही घरगुती आवृत्ती.

बारकीने कॅसेट चढवली. वय बेचाळीस, उंची दारात वाकावं लागेल एवढी, पण घरचं नाव चिकटलं ते चिकटलंच. जुने खेळ दुरुस्त करायच्या या कार्यशाळेत तिचा एकच भागीदार होता. सगळे त्याला शंकासुर म्हणत, आणि तो ते नाव रोज सार्थ करायचा.

पडद्यावर तीन ओळी उमटल्या. वर लिहिलं होतं, 'मूळ यंत्रावरचे खरे विक्रम.' पहिल्या ओळीत तीन इंग्रजी अक्षरं, ए, ए, आय. पुढे गुण, ४८,६५०.

"थाप आहे," शंकासुर म्हणाला. "लोकांनी या कॅसेटवर डोकी फोडलीत. एकतीस हजारांच्या वर कुणी गेलेलं नाही."

"आत्तापर्यंत."

"अगं, गणित बघ. बटण दाबलं की कंदील पेटतो, कंदील पेटला की तेल जळतं. तेल तिसऱ्या मजल्यावर संपतं आणि खेळ खलास. नाही पेटवला तर पहिल्याच वळणावर उंदीर फाडून खातात. अठ्ठेचाळीस हजार येणार कुठून?"

बारकीने घड्याळ बघितलं. चार वाजता संग्रहालयाची प्रमुख येणार होती. विक्रम खरा ठरला, तर कॅसेट मूळ यंत्राचा पुरावा म्हणून मोठ्या दालनात लागणार होती. नाही ठरला, तर नक्कल म्हणून कोठारात. तिच्यासोबत बारकीची दोन वर्षंही कोठारात.

त्या दोन वर्षांत तिने ए. ए. आय. शोधायला शहर पालथं घातलं होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अशी आद्याक्षरं जुळणारी चार माणसं सापडली. एक औषधवाला, दोन सख्खे भाऊ आणि एक निवृत्त पंच. चौघांनीही त्या यंत्राला कधी हात लावला नव्हता. पंच तर म्हणाले, "मी खेळत नाही, फक्त बाद देतो."

कोपऱ्यातल्या स्टुलावर आई बसली होती. डोळ्यांच्या डॉक्टरने थेंब टाकले होते, म्हणून काळा चष्मा लावून ती लेकीची सुटका व्हायची वाट बघत होती.

"आई, शेवटचं विचारते. कॅसेटवरचे विक्रम आपल्या घराखालच्या हॉलमधल्या यंत्रावरून घेतलेत. ए. ए. आय. नावाचं कुणी खरंच नाही आठवत?"

"शंभरदा सांगितलं, असलं नाव नाही ऐकलं बाई मी. आणि माझी तिथे ओळख होतीच कुणाशी? सगळी टारगट पोरं."

"काकू, तुम्ही तिथे जायचात?" शंकासुराचे कान टवकारले.

"जाते कशाला हौसेने? ही बया पोट दुखलं की आकाशपाताळ एक करायची. हिच्या बाबांची रात्रपाळी, दुपारी त्यांना झोप हवी. त्या हॉलच्या कलकलाटात मात्र ही चिडीचूप. मग काय, तास तास उभी असायचे हिला घेऊन."

"बघ," शंकासुर बारकीला म्हणाला, "जन्मापासून तुझं हेच."

बारकीने हसत आवाजाचं बटण फिरवलं. खेळ सुरू झाला. उंदरांची चिरचिर खोलीभर पसरली, आधी डावीकडून, मग उजवीकडून.

आईने मान वर केली.

"वाढव गं आवाज."

"आई?"

"वाढव म्हणते ना. आणि सरक."

"अगं, तुला दिसत नाहीये काही!"

"तिथे तरी कुठे दिसायचं?"

आई उभी राहिली. उजव्या हातात तिने खेळाची दांडी धरली. डावा हात कोपरात वाकवून छातीशी घेतला, तळवा वर, आणि तो तसाच राहिला.

"काकू, डाव्या हाताने बटण दाबा, कंदील लागेल."

"तो हात मोकळा नाही," आई मान न वळवता म्हणाली.

पडदा काळा ठिक्कर. चिरचिर डावीकडून आली, दांडी उजवीकडे गेली. किल्ली मिळाल्याची घंटी वाजली. पुन्हा वाजली. आई या पायावरून त्या पायावर किंचित झुलत होती. पहिला मजला, दुसरा, तिसरा. तेलाची पट्टी काठोकाठ भरलेली, तशीच.

"चौथा," शंकासुर पुटपुटला. "बारके, चौथा मजला आहे हा!"

एकतीस हजार मागे पडले. अडतीस. चाळीस. संग्रहालयाची प्रमुख केव्हाच दारात येऊन उभी होती. तिला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

पाचव्या मजल्यावर उंदराने गाठलं.

"हात्तिच्या! गेली सवय," आई म्हणाली.

पडद्याने नाव विचारलं. आईने दांडी हलवली. ए. पुन्हा ए. मग आय. दोन वर्षं सुटी वाचलेली ती अक्षरं शंकासुराने पहिल्यांदा ओठांतल्या ओठांत जोडून वाचली, आणि बारकीकडे बघितलं.

यादी नव्याने उमटली. क्रमांक दोन. गुण ४१,३२०.