होणारा बाप

ऑफिसच्या जाहिराती तपासायला त्याने ब्राउझरमध्ये डझनभर खोटी गिऱ्हाइकं तयार केली होती. कुणी गिर्यारोहक, कुणी मांजरवेडी आजी, कुणी होणारा बाप. त्याचा प्रोग्राम त्यांच्या वतीने रोज ऑनलाइन दुकानं पालथी घालायचा आणि ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये कुकीज, म्हणजे त्या भटकंतीच्या खुणा, जमवायचा; जाहिराती त्यांवरूनच ठरायच्या. काल घाईघाईत ‘होणारा बाप’ चुकून घरच्याच प्रोफाइलवर सोडला गेला.

सकाळी बायकोने कॉम्प्युटर उघडला, तर स्क्रीनभर पाळणे, दुपटी आणि इवले इवले मोजे!

तो ब्रश तोंडात तसाच ठेवून धावत आला. “अगं, प्रोग्रामचा घोळ आहे हा! इथे कुणीही बाप होत नाहीये!”

“नाटकं पुरे! संध्याकाळी मीच सांगणार होते ना? खरं बोल, कोण फुटलं? डॉक्टरीणबाई की माझी आई?”