चेपलेल्या काठाचं ताट

मिठूने बाकावर आधी ओला टिश्यू फिरवला, मग कोरडा, मग पुन्हा ओला. नकली लिंबाचा वास खानावळीभर पसरला आणि भाताचा वास त्याखाली दबला.

"बसा, पण कुठे टेकू नका," ती म्हणाली. तिच्या दाढीवाल्या मित्राने मोबाइल काढून समोर धरला.

लॅबवाली भिंतीकडच्या टोकाला बसली. मिठूच्या कॉलेजच्या मैत्रिणींमध्ये तिला हेच नाव होतं, कारण ती समोरच्या इमारतीत रक्त-लघवी तपासायची. रोज दुपारी ती याच बाकावर जेवते, हे मात्र मिठूला ठाऊक नव्हतं. "तुझ्या लॅबजवळची एखादी स्वस्तातली जागा सांग ना, कळकट असली तर उत्तम," असं मिठूने विचारलं, तेव्हा तिने हा पत्ता दिला होता. कळकट हा शब्द तिने कानाआड केला होता. खानावळ चालवणाऱ्या काकूंचा रस्सा एकदा चाखला की मिठू आपोआप गप्प होईल, असं तिला वाटलं होतं.

"नमस्कार मंडळी!" मिठू मोबाइलकडे बघून म्हणाली. "आज आपण आलोय शहरातल्या सगळ्यात स्वस्त खानावळीत. आम्ही गिळलेल्या प्रत्येक घासामागे तुम्ही देणगी द्यायची, रस्त्यावरच्या मुलांच्या जेवणासाठी. आम्ही जितकं सोसू, तितकी मुलं जेवतील!"

"तोंड आणखी वाकडं कर," दाढीवाला म्हणाला. "काल तू ओकारी आल्यासारखं केलंस ना, तेव्हाच धडाधड देणग्या आल्या."

काकू हातावर ताटं पेलत आल्या. खानावळीत नेहमीच्या गिऱ्हाइकांची ताटं वेगळ्या फळीवर असत, प्रत्येकाचं खूण असलेलं. लॅबवालीच्या ताटाचा काठ चेपलेला होता. तिच्याच हातून ते पडलं होतं. "आता हे तुझंच. असलं दुसऱ्या कोणाला वाढू?" असं म्हणून काकूंनी ते फळीवर चढवलं होतं. एकदा गंमत म्हणून तिने त्यावरून कापसाचा बोळा फिरवून त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहिले. काचेच्या बशीत जवळजवळ काहीच उगवलं नाही. तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून घेतलेल्या नमुन्याची बशी मात्र दोन दिवसांत पिवळीधम्मक झाली होती.

काकूंनी तेच ताट तिच्यासमोर धरलं. "आज उशीर केलास गं. आणि ही वरात कुठली?"

"अय्या, तुला ओळखतात या?" मिठू म्हणाली. मोबाइल लॅबवालीकडे वळला.

"छे गं," लॅबवाली म्हणाली. "दुसरं कोणीतरी वाटली असेन."

काकूंचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी ते ताट मिठूसमोर ठेवलं.

"असेल. माझेही डोळे आता म्हातारे झाले," त्या म्हणाल्या, आणि लॅबवालीला दुसरं ताट दिलं. गुळगुळीत काठाचं.

मिठूने नवा टिश्यू काढला आणि चेपलेल्या ताटाच्या काठावरून, भाताला न लागता, गोल फिरवला. टिश्यू पांढराच राहिला. मिठूने तो उलटसुलट करून पाहिला. मग वाकली, बाकाच्या खालच्या कडेला घासला आणि काळा झाल्यावर मोबाइलसमोर धरला.

"बघा मंडळी. या ताटात जेवायचंय आम्हाला!"

"मिठू, तो पांढरा होता," लॅबवाली हळूच म्हणाली.

"अगं, मुलांसाठी आहे ना! तुझं काय जातंय?"

लॅबमध्ये कोणी असा नमुना बदलला असता, तर तिने त्याला दाराबाहेर काढलं असतं. इथे तिने मान खाली घातली आणि भात कालवू लागली.

मिठूने घास तोंडात घातला, डोळे वटारले, गाल फुगवले. मोबाइल खाली होताच तिने तो घास काळ्या टिश्यूत थुंकला, टिश्यूची पुरचुंडी केली आणि ती भातात खोचली.

"गिळलास कुठे?" दाढीवाला हसला.

"व्हिडिओत गिळलाय."

पुरचुंडी हळूहळू रस्सा पीत होती. तिच्यातून लाळेत भिजलेली शितं बाहेर येत होती. लॅबवाली दिवसभर थुंकीच्या आणि शौचाच्या डब्या उघडायची, मधल्या वेळात बिस्किटही खायची. तिला कधी मळमळलं नव्हतं. आता मात्र तिने तोंडावर हात दाबला. डोळ्यांत पाणी आलं.

"धर, धर, असाच धर चेहरा!" दाढीवाल्याने मोबाइल तिच्या नाकाशी नेला. "हे अस्सल आहे यार!"

"आणि घास न खाताच!" मिठूने टाळ्या पिटल्या. "लॅबवाले, तुझ्या एका तोंडावर रस्त्यावरची शंभर मुलं जेवतील बघ."

काकू पाण्याचं भांडं घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी तो चेहरा पाहिला. भांडं बाकावर ठेवलं आणि त्या आत गेल्या.

व्हिडिओ तिथल्या तिथे टाकून दोघं निघाली. तीन ताटांतला भात तसाच होता. लॅबवाली मागे रेंगाळली. आत काकूंनी पुरचुंडी चिमटीत धरून बादलीत टाकली, भात टाकला, ताटं घासली, विसळली.

"काकू..."

काकूंनी पदराला हात पुसले.

"बोला ताई. काही राहिलं का तुमचं?"

काकूंनी चेपलेल्या काठाचं ताट उचललं आणि फळीकडे न जाता सगळ्यांच्या ढिगात ठेवलं. त्यावर दुसरी ताटं ठेवली. ती नीट बसेनात, कलू लागली. काकूंनी दोन्ही तळहातांनी ढीग दाबला.