आठ दिवसांची तयारी

पहाटे साडेपाचला गंगाराम मास्तर उठले. विहिरीवरून दोन कळशा पाणी आणले, चूल पेटवली, मूठभर उकड्या तांदळाची पेज शिजत ठेवली. मग पडवीत बसून सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. महिन्यापूर्वी तो दहा आकडे मोजेपर्यंत भरून येई. आज पंचवीस झाले. आकडे त्यांनी मोठ्याने मोजले होते. ऐकायला घरात कोणी नव्हते. पत्नी सुगंधाला जाऊन चार वर्षे झाली होती.

पेजेत त्यांनी मीठ घातले नाही. गुडघेदुखीच्या गोळ्यांचा डबा उचलून कोनाड्यात, देवाच्या तसबिरीमागे सारला. देवगडच्या डॉक्टरांकडची वर्षाची तपासणी आठ दिवसांवर आली होती.

एरवी रोज तीन गोळ्या लागत. डॉक्टरांना त्यांतली एकही ठाऊक नव्हती. तपासणीपूर्वी मात्र आठ दिवस गोळी बंद, मीठ बंद, दिवसाला दोन शहाळी. गुडघे रात्रभर ठणकत. पण रक्तातले क्रिएटिनीन मर्यादेत येई आणि लघवीतले अल्ब्युमिन नावापुरते उरे. "मूत्रपिंडं ठीक चाललीत, मास्तर," डॉक्टर म्हणत. तेवढे एक वाक्य मास्तर मुंबईच्या पत्रात उतरवून काढत. कारण पहिल्याच वर्षी दत्तारामने लिहिले होते, 'रिपोर्ट बिघडला तर बाबा, घराला कुलूप लावायचं आणि इकडे यायचं.' मुलाच्या शब्दांत मायाच होती. पण मिठबावच्या या पडवीत सुगंधाचा पाट अजून भिंतीला टेकून उभा होता. मुंबईच्या खोलीत तिने कधी पाऊलही ठेवले नव्हते.

बाबू शहाळी पाडायला आला. एके काळचा त्यांचा विद्यार्थी, आता गावातले माड चढणारा. मास्तरांच्या गोळ्याही दर महिन्याला दुकानातून तोच आणी. शहाळे सोलता सोलता त्याची नजर कोनाड्याकडे गेली आणि तो हसला.

"डागदराची तपासणी इली वाटता, मास्तरांनू?"

"तुका कोणी सांगल्यान?"

"गोळये देवाच्या मागे गेले मा! शाळा तपासूक सायेब येवचे आसले काय तुमी माका असोच घराक धाडत होतास."

मास्तरही हसले. "शेरो चांगलो पडाक होयो होतो रे."

"पडलो की चांगलो. शाळा पास झाली." बाबूने शहाळे पुढे केले. "माका मातर अजून एस्टीची पाटी वाचूक येना नाय."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडला, असे सांगावे तसे त्याने ते सांगितले, कोयता कमरेला अडकवला आणि तो दुसऱ्या माडाकडे गेला.

शहाळे मास्तरांच्या हातात तसेच राहिले. चुना मारलेल्या भिंती, आंब्याच्या पानांचे तोरण, आणि मधल्या मोकळ्या जागा दिसू नयेत म्हणून ऐसपैस बसवलेली हुशार मुले त्यांना आठवली. साहेबांनी 'उत्तम' लिहिले होते. खोटे लिहिले नव्हते. जे समोर होते तेच त्यांनी तपासले होते. डॉक्टरांनीही दर वर्षी आठच दिवसांची मूत्रपिंडे तपासली होती. बाकीच्या दिवसांची कोणी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी औषधाची रिकामी बाटली उकळत्या पाण्याने धुतली, त्या दिवसाची पहिली लघवी तिच्यात घेतली आणि झाकण घट्ट लावले. सुगंधाचा पाट पुसून पुन्हा जागेवर ठेवला. मग कोनाड्यात हात घातला.

देवगडच्या दवाखान्यात कंपाउंडरने वही उघडली. "मास्तर, तुमची तारीख पुढच्या आठवड्यात आहे."

"ठाऊक आहे. पण आजचंच तपासा. रक्तसुद्धा आजच घ्या."

डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्या शेजारी गोळ्यांचा डबा ठेवला आणि त्याचे झाकण उघडले. नंतर न सांगता धोतर घोट्याच्या वर घेऊन पाय पुढे केले.

या तपासणीला त्यांनी कोणालाही घरी ठेवले नव्हते.