अर्विनचा चाप

सगळे जमले होते आणि बार कुणीच काढत नव्हतं.

गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधापुढे नेमबाजीच्या क्लबातली माणसं टोप्या हातात घेऊन उभी होती. सभासद गेला की पुरल्यानंतरच्या शनिवारी त्याचीच बंदूक इथं आणायची, घरच्यांनी माणशी एक अशा गोळ्या भरायच्या, आणि ती हातोहात फिरवत प्रत्येकानं एक, फक्त एक बार काढायचा. पहिला मान घरच्यांचा. नोलानं सकाळीच गोळ्या भरून आणल्या होत्या. तिच्या बापाची, अर्विनची, रायफल टेबलावर तिच्यापुढे पडली होती, आणि इतका वेळ झाला तरी त्याच्याबद्दल एक अक्षर कुणी काढलं नव्हतं.

बोलणं चाललं होतं ते चापाबद्दल. अर्विननं गेल्या हिवाळ्यात रायफलीचा मूळचा चाप काढून हा नवा बसवला होता. गोळी सुटली की हा आपणहून उसळून बोटावर आपटायचा. बोट दाबलेलंच असलं की पुढची गोळी सुटे, मग तिच्या पुढची.

"म्हणजे मशीनगनच झाली की," हॉइट म्हणाला. मैदानाची किल्ली त्याच्याकडे असे. "माझ्या मैदानावर नको. उद्या कुलूप ठोकलं तर जायचं कुठं आपण?"

"मशीनगन नव्हे," वेंडेल म्हणाला. तो वकील. "चाप एकदा ओढला आणि अनेक गोळ्या सुटल्या तर मशीनगन. इथं दर गोळीला चाप पुढे जातो आणि पुन्हा मागे येतो. म्हणजे दर गोळीला नव्यानं ओढला. कायदा चाप बघतो, बोट बघत नाही."

"बेकायदा आहे म्हणून तूच बोंबलत होतास ना मागे?"

"तेव्हा होता. मग कोर्टानं उलटं सांगितलं."

"आणि नदीपलीकडे?"

"ते राज्य वेगळं. तिथं अजून गुन्हाच."

"वा! म्हणजे होडीत बसलो तर पुढच्या टोकाला चोर आणि मागच्या टोकाला सज्जन."

दोघेतिघे हसले. कुणीतरी थर्मासमधली कॉफी ओतून घेतली.

"लमार, तू बोल की. तू सरकार."

लमार शेरीफच्या हाताखालचा पोलीस; गणवेशातच, कामावर जाता जाता आला होता. हरीण सोलायला त्याला अर्विननंच शिकवलं होतं. "मला नका विचारू," तो म्हणाला. "वरून आज एक सांगतात, उद्या दुसरं. मला एवढंच कळतं, एकदा ओढला आणि सगळ्या सुटल्या असं कुणी माझ्या तोंडावर कबूल केलं, तर मला बंदूक जप्त करावी लागेल. आणि त्या माणसालाही गाडीत बसवावं लागेल."

"म्हणून म्हणतो, दुसरी कुठलीतरी बंदूक घेऊ या," हॉइट म्हणाला. "माझी आहे गाडीत."

"तुमची कशाला, काका?" नोला म्हणाली. "तुम्ही गेलात की ती काढू."

हॉइटनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "पोरी, तुझ्याच भल्यासाठी चाललंय हे."

"कळतंय मला. बाबा असते तर एव्हाना कंटाळून घरी गेले असते."

यावर कुणी हसलं नाही. हॉइटनं वेंडेलकडे पाहिलं, वेंडेलनं लमारकडे, आणि लमार बांधाकडे बघत राहिला.

"बरं," हॉइट अखेर म्हणाला. "पण नीट ऐक. हलकेच ओढ आणि बोट लगेच सैल सोड. अगदी लगेच. दाबून धरलंस की संपलं."

तिनं मान हलवली. बंदूक तिला नवी नव्हती. लहानपणी ती याच जागी उभी राहायची आणि मागून बापाचा हात खांद्यावर असायचा. हा चाप मात्र तिनं कधी ओढला नव्हता. तिनं रायफल उचलून खांद्याला लावली. दस्त्याला मलमाचा वास होता. अर्विन गुडघ्यांना मलम चोळायचा आणि त्याच हातानं बंदूक पुसायला बसायचा. तिनं गाल दस्त्याला टेकवला, श्वास रोखला आणि चाप ओढला.

सोडायचं तिच्या लक्षात होतं.

बांधावरची माती उडत राहिली. एक बार दुसऱ्यापासून वेगळा ऐकू येत नव्हता. मग एकदम सगळं थांबलं. मॅगझिन रिकामं झालं होतं. हॉइटच्या वाट्याची, वेंडेलच्या वाट्याची, सगळ्यांच्या वाट्याची गोळी गेली होती. आपली पाळी घ्यायला पुढे केलेला हॉइटचा हात तसाच राहिला.

लमारच्या खांद्यावरचा रेडिओ खरखरला. टेकडीमागच्या कुणीतरी मशीनगन वाजल्याची तक्रार केली होती. त्यानं आवाज बारीक केला आणि तो चालत तिच्याजवळ आला.

"नोला," तो म्हणाला, "मला काहीतरी कळवावं लागेल. दर गोळीला तू चाप वेगळा ओढलास. हो ना?"

"हो म्हण," वेंडेल मागून हळूच म्हणाला. "कायद्यानं तेच खरं आहे. खोटं बोलल्यासारखं होत नाही."

"म्हण गं पोरी," हॉइट म्हणाला. "बापाची बंदूक आहे ती."

तिनं रायफल नळी बांधाकडे करून टेबलावर ठेवली. बोटाचं पेर लाल झालं होतं. सगळी माणसं पहिल्यांदाच चाप सोडून तिच्याकडे बघत होती.

"एकदाच ओढला, लमार," ती म्हणाली. "मग सोडवेना."